कवडीएवढं ऊन

बाबा,

“मर लागली म्हनाचं. दुसरं काई म्हनाचं नाई,” हे तुम्ही मला सांगितलं तेव्हा आपण मागच्या दारात बसलो होतो. मध्ये विड्याच्या पानांची टोपली होती, तिच्यावर ओलं फडकं. टोपली अर्धीही भरली नव्हती. मी चोवीस वर्षांची होते. आता माझं सत्तेचाळिसावं चालू आहे, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं होतील, आणि इतक्या काळात मी ते वाक्य एकदाही मोडलेलं नाही. मर म्हटलं की मूळ सडतं, वेल उभ्याउभ्या मान टाकते. मर कोणाच्याही पानमळ्यात येऊ शकते. आली तर शेजारीपाजारी हळहळतात, दोष कोणाला देत नाहीत. तुम्ही ते नाव विचार करून निवडलं होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

गेल्या आठवड्यात एका मुलीनं त्या वाक्याला हात घातला, म्हणून हे लिहायला बसले. अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी शिकवते तिथं विज्ञान दिनाला मला अंधश्रद्धेवर बोलायला सांगतात, आणि मी दरवर्षी आपल्या मळ्याची गोष्ट सांगते. ती आता चांगली घोटली गेली आहे. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं बसलेलं आहे. आमच्या लोकांत पानमळ्यात बाईनं पाऊल टाकायचं नाही, असं मी सुरुवातीला सांगते. माझ्या वडिलांनी मला आत नेलं, त्याच वर्षी मळा गेला, आणि सगळे म्हणाले की पोरगी आत गेली म्हणून नागवेल रुसली. मग मी थोडी थांबते आणि म्हणते, “प्रत्यक्षात होती एक साधी बुरशी.” मुलं हसतात. काही मुली माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतात, ते मला आवडतं हेही लिहून ठेवते.

यंदा पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. दुसऱ्या वर्षाला आहे, भातकुलीकडची, घरी मिरची-वांग्याचा भाजीपाला. “मॅडम, मळा कोणत्या महिन्यात गेला?” मी सरळ सांगितलं, आखाजीच्या सुमारास, भर वैशाखात. ती म्हणाली, “मंग मर कशी असन? मर तं पाण्याच्या दिवसांत येते. आमच्या मिरच्याइले श्रावणातच लागते.” मागून कोणीतरी म्हणालं, “बस व, मॅडमलेच शिकवते का?” थोडा हशा झाला. मी म्हटलं, त्या वर्षी अवकाळी पाऊस झाला होता. बाबा, त्या वर्षी अवकाळी झाला नव्हता. चैत्र-वैशाखात आभाळात बोटभर ढग नव्हता, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार. ती मुलगी खाली बसली. इतर वेळी मी बोलते ते सगळं ती वहीत उतरवून घेते. या वेळी तिनं काही लिहिलं नाही.

मळा आठवायचा म्हटलं तर मला आधी पायाखालचा गारवा आठवतो. चपला कुंपणाच्या कुपाटीबाहेर, हात धुतलेले, आत शिरताना मान खाली. बाहेर अंजनगावच्या रस्त्यावर डांबर मऊ झालेलं असायचं आणि आत शेवरी-पांगाऱ्याच्या ओळींवर चढलेल्या वेलींमध्ये ओल्या मडक्यासारखा वास असायचा. तुम्ही त्याला कधी मळा म्हटलं नाही, तुमच्या तोंडात त्याचा मया व्हायचा. मी दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत तुमच्या मागं मागं हिंडले. मग एक दिवस आईनं मला कुपाटीजवळ अडवलं आणि म्हणाली, आता नाही. आईनं स्वतः तो मळा आतून कधीच पाहिलेला नव्हता. लग्न होऊन आल्यापासून ती तुमचा डबा कुपाटीच्या खुंट्याला अडकवून परत फिरायची.

लहानपणी आत हिंडताना तुम्ही मला एकच गोष्ट शिकवली, सावली वाचायची. तुम्ही वर झाडांकडे बघायचेच नाही, जमिनीकडे बघायचे. भर दुपारी ओळीतून चालताना पानांमधून गळलेले उन्हाचे ठिपके मातीवर पडलेले असायचे. “कवडीएवढं ऊन पडलं पाह्यजे,” तुम्ही सांगायचे. “कवडी दिसली की मया बरा. भाकरीएवढं पडलं तं शेवरी वाढू द्याची. न् काईच नाई दिसलं तं फांदी छाटाची.” छाटणी पावसाळ्यात व्हायची, आभाळ झाकलेलं असताना. होळीनंतर कोयत्याला हात लावायचा नाही, हा नियम तुमच्या वडिलांचा. मी तेव्हा विचारलं होतं, काहून? तुम्ही म्हणाले, “पानाले ऊन दाखवाचं असते, खाऊ घालाचं नसते.” मला ते एखाद्या म्हणीसारखं वाटलं, आणि म्हणी आपण लक्षात ठेवतो, तपासत नाही.

अकोल्याला शिकायला निघाले त्या सकाळी तुम्ही मला पान खुडायचं पत्र्याचं नख दिलं, अंगठ्यात घालायचं, तुमच्या बोटानं झिजून गुळगुळीत झालेलं. “तिथं पानंच तोडाची हायेत ना तुले?” तुम्ही म्हणाले. “मंग हे घे. कात्रीनं तोडलं की पान घाबरते.” मी एस.टी.त बसून हसले होते. ते नख अजून माझ्या प्रयोगशाळेच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि त्याच्याइतका स्वच्छ काप मला कात्रीनं खरोखरच येत नाही.

अकोल्यातलं माझं काम तुम्हाला मी कधी नीट सांगितलं नाही. सांगायचा प्रयत्न केला त्याचं पुढं काय झालं ते येईलच. मी कुंड्यांमध्ये सोयाबीन लावलं होतं. अर्ध्या कुंड्या उघड्यावर, अर्ध्या हिरव्या जाळीखाली. हवेतला कार्बन धरून त्याची साखर करायला घेणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, पानात असतं. बाकीची सगळी कामं त्याच्या मागून होतात. ते किती आहे आणि किती तेज आहे हे मोजायचं. पान तोडायचं, बर्फावर ठेवलेल्या खलात कुटायचं, गाळायचं आणि यंत्रात घालून आकडा कसा उतरतो ते बघत बसायचं. आकडा जितका भराभर उतरेल तितकं विकर कामाचं. सगळं थंडीत करायचं, सगळं घाईनं. पहिल्याच आठवड्यात माझ्या मार्गदर्शक मॅडम माझ्यावर डाफरल्या होत्या. मी कुंडीसमोर उभी राहून चिठ्ठीवर नंबर लिहीत होते आणि माझी सावली पानावर पडलेली होती. “बाजूला हो,” त्या म्हणाल्या. “तू तिथं पाच मिनिटं उभी आहेस. ते पान आता तुझ्या सावलीतलं झालं. उन्हातलं म्हणून काय मोजणार?” विकर इतकं पटकन सुस्तावतं हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून मी कोणत्याही झाडाजवळ गेले की आधी सूर्य कुठं आहे ते बघते. रस्त्यानं चालतानाही.

त्या वर्षीचे माझे आकडे सुरेख आले. उघड्यावर वाढलेल्या पानांत ते विकर जाळीखालच्या पानांपेक्षा कितीतरी जास्त होतं. पानं जाड, भरलेली. मी वहीत शेवटी एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या. उजेड वाढवला की विकर वाढतं. ती ओळ अशी असायला नको होती. पान वाढत असताना त्याला जितका उजेड मिळतो तितकं विकर ते स्वतःत बांधून घेतं, अशी ती हवी होती. “वाढत असताना” हे दोन शब्द मी गाळले. मुद्दाम नाही. चोविसाव्या वर्षी एवढे दोन शब्द फार लहान वाटतात.

होळीला मी घरी आले. आई चुलीपाशी पुरणाच्या पोळ्या करते आहे, तुम्ही पाटावर बसलेले, मी समोर. आल्याआल्या मी कुपाटीबाहेरून मळा पाहिलेला आहे आणि तो मला अंधारा वाटलेला आहे. मी परातीतल्या पिठावर बोटानं दोन रेघा काढते, एक चढती, एक सपाट.

“बाबा, पश्चिमेकडची शेवरी फार दाट झालीय.”

“दाट नाई ठेवाची तं काय टक्कल करू मयाले?”

“पानाला उजेड कमी पडतोय. उजेड कमी तर विकर कमी. विकर कमी तर पानाचं अन्नच कमी होतं. ही सपाट रेघ तुमच्या मळ्याची समजा.”

“हे इकर तुमच्या अकोल्याच्या पानात असन. आपलं पान घरातलं हाय, लाडाचं.”

“सगळ्या पानांत असतं. गवताच्यासुद्धा.”

“जेवू द्या ना तिले,” आई म्हणाली. “न् पिठात कायले रेघा काढते व? पोळी लाटाची हाय मले त्याची.”

तुम्ही पोळीवर तूप घेतलं. मग विचारलं, “तू सोता पाह्यलं?”

“स्वतः मोजलं. तीनदा.”

“बरं.”

एवढंच. मी त्या प्रश्नाचा अर्थ पुढं पुष्कळ वर्षं लावत बसले. तुमच्या सगळ्या आयुष्यात पुराव्याला तुमच्याकडे एकच नाव होतं, स्वतः पाहिलेलं. मी स्वतः पाहिलं होतं. पण सोयाबीन पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कोयता घेतला आणि कुपाटीपाशी मागं वळून म्हणाले, “चाल.” मी म्हटलं, मी आत? तुम्ही म्हणाले, “तुह्यं काम हाय ना हे? मंग बाहेर उभी राहून काय दिसन तुले?” तेरा-चौदा वर्षांनी मी मळ्यात पाऊल ठेवलं. गारवा तोच. तुम्ही शेवरीच्या फांद्या उतरवत गेले आणि मी उजेड मोजायचं यंत्र धरून मागून चालत गेले. प्रत्येक फांदीला आकडा उडी मारायचा आणि मी मोठ्यानं वाचून दाखवायचे. चार ओळी झाल्यावर तुम्ही थांबले. जमिनीकडे बघितलं. “भाकरी पडून राहिली,” तुम्ही म्हणाले. “एवढंच राहू दे. पाहू.” मी म्हटलं, चार ओळींनी काही कळणार नाही, निम्मा मळा तरी करा, म्हणजे तुलना करता येईल. तुलना हा शब्द मी वापरला, मला स्वच्छ आठवतं. तुमच्या मळ्याला तुलनेची काही गरज नव्हती. गरज माझ्या वहीला होती.

शेजारच्या मळ्यातून तुमचे थोरले भाऊ, मोठे बाबा, ओरडले, “काय रे, होळी झाल्यावर हजामत करून राहिला का मयाची?” तुम्ही कोयता न थांबवता म्हणाले, “पोरीच्या परीक्षेचं हाय, दादा.” मग त्यांना मी दिसले. ते कुपाटीपासून दोन पावलं मागं सरकले. दुपारपर्यंत पश्चिमेकडचा निम्मा मळा उघडा झाला.

मी अकोल्याला परतले. दर रविवारी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन करायचे, तुम्ही किराणावाल्याकडे येऊन थांबलेले असायचे. “पानं कशी आहेत?” “ठीक हाय. तू अभ्यास कर.” पुढच्या रविवारी, “नवीन फुटवा आला का?” “येऊन राहिला. ऊन लय हाय तिकडं? टोपी घालत जाय.” तुम्ही कधी खोटं बोलत नव्हते म्हणून मला त्यात काही वेगळं ऐकू आलं नाही.

आखाजीला आले तेव्हा घरी न जाता स्टँडवरून सरळ मळ्यात गेले. आधी मला वाटलं कोणी धुणं वाळत घातलं आहे. पश्चिमेच्या सगळ्या बाजूनं शेवरीला आईची लुगडी बांधलेली होती. जुनी, विटलेली, दोन नवीही. लुगड्यांच्या मध्ये जिथं फट होती तिथं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या केलेल्या. आईच्या आधी तिची लुगडी आत गेली. पण गरम वारा त्यांना जुमानत नव्हता, लुगडी फुगून शेवरीवर आपटत होती. आतली पानं आधी पांढुरकी पडली असणार, मग मधोमध कागदासारखी तपकिरी. मी एक हातात घेतलं, ते चुरलं. जमिनीवर ऊन कवडीएवढं नव्हतं, भाकरीएवढंही नव्हतं. सतरंजी अंथरावी तसं सलग पडलेलं होतं. तुम्ही शेवटच्या ओळीत घागरीनं पाणी घालत होते. मला बघून म्हणाले, “आली का? जेवली?”

त्या संध्याकाळी मागच्या दारात तुम्ही ते वाक्य बोललात. मी काही म्हणायच्या आत मोठे बाबा आणि आणखी दोघं-तिघं अंगणात आले. मोठे बाबा माझ्याकडे न बघता तुम्हाला म्हणाले, “सांगत होतो का नाई? पोट्टीले आत नेलं. नागवेल रुसली. आता पूजा घाल न् मोकळा हो.” तुम्ही शांतपणे फडक्यावर पाणी शिंपडलं. “मर हाय, दादा. मर कोनाले इचारून येत नाई.” आणि मी, बाबा, मी उभी राहिले आणि मोठ्या बाबांशी भांडले. बाईच्या पावलानं वेल मरते हे कोणत्या पुस्तकात आहे, बुरशीला बाई-पुरुष कळतं का, असं पुष्कळ बोलले. आई आतून हाका मारत होती. मी थांबले नाही. खोटा आरोप झाला की किती बरं वाटतं हे मी त्या दिवशी शिकले. तो फेटाळायला माणसाला सगळी ताकद वापरता येते, आणि खऱ्या आरोपासाठी मग काही उरत नाही.

राहिलेला निम्मा मळा पावसाळ्यात गेला. त्याला मात्र खरंच मर लागली होती. जळलेल्या वेली तशाच राहिल्या, दमट झालं, पसरलं. म्हणजे तुमचं वाक्य अर्धं खरं ठरलं आणि पुढं इतकी वर्षं मला ते अर्धं धरून ठेवता आलं. पुढच्या वर्षी तुम्ही शेवरी तोडून तिथं सोयाबीन पेरलं. मी आले तर शेताच्या धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, “हे बरं हाय. ऊन चांगलं खाते.” तुम्ही हसत होते. त्या हसण्यात टोमणा होता का हे मी आजवर ठरवू शकले नाही. जमिनीकडे बघत चालायची तुमची सवय मात्र गेली नाही. सोयाबीनमधूनही तुम्ही तसेच चालायचे, मान खाली, काही दिसत नसताना.

त्याच वर्षी अकोल्यात मॅडमनी मला एक नवा भाग करायला लावला. जाळीखाली वाढलेल्या कुंड्या एकदम उघड्यावर काढायच्या आणि काय होतं ते बघायचं. मी त्यांना कारण विचारलं नाही. पाचव्या दिवशी पानं पांढुरकी पडली. मी ती खलात कुटली, आकडा बघत बसले, तो उतरायलाच तयार नव्हता. सावलीत वाढलेलं पान आपली सगळी शिल्लक उजेड वेचण्यात घालतं, कारण त्याला तो वेचून वेचून मिळत असतो. साखर करणारं विकर ते थोडंच बांधतं, तेवढंच लागतं म्हणून. असं पान एकदम उन्हात आणलं की वेचलेल्या उजेडाचं करायचं काय हे त्याला कळत नाही, आणि तो उजेडच त्याला जाळतो. एकदा पुरतं वाढलेलं पान आपली घडण बदलू शकत नाही. पुढं येणारं कोवळं पान बदलू शकतं, उन्हात जन्मलं तर उन्हाचं होतं, पण त्यासाठी मधल्या काळात वेल जगावी लागते. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण ते आहे. सगळ्यांनी तसं म्हटलं.

प्रबंध घेऊन मी घरी आले. पहिल्या पानावर तुम्हाला अर्पण असं लिहिलं होतं. तुम्ही ते पान बोटानं चाचपलं आणि म्हणाले, “आत काय हाय? मराठीत सांग.” मी ते प्रकरण सांगितलं, जाळीचं. तुम्ही पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, “हे तं मले माहीत होतं.”

मी म्हटलं, “मग तेव्हा बोलले का नाही?”

“तू सोता पाह्यलं म्हनत होती. मले वाटलं, तुमच्याकडं नवीन काई निंघालं असन. आमचं बी सगळंच खरं असते, असं कोठी हाय?”

मी प्रबंध मिटून बाजूला ठेवला. मग म्हटलं की मी मोठ्या बाबांना आणि सगळ्यांना सांगते, मर नव्हती, माझ्या सांगण्यावरून छाटलं. तुमचा आवाज चढला, माझ्याशी बोलताना चढला तो तेवढा एकदाच. “नाई सांगाचं. ‘शिकली न् बापाचा मया जायून टाकला’, असं म्हनतीन. तुह्यं काई नाई, तू तं शिकून बसली. तुह्या मांगं गावातल्या सात-आठ पोरी हायेत, त्याइले कोनी शायेपुढं पाठोनार नाई. मर म्हन. मरले कोनाची लेक नसते.”

त्या सात-आठ जणींपैकी पाच पुढं शिकल्या. एक धारणीकडे नर्स आहे, भेटली की तुमची आठवण काढते. तुम्ही बरोबर होता. हे मी भांडायला लिहीत नाही.

पण आता भातकुलीची ती मुलगी समोर बसते. तिनं महिना विचारला. बाबा, इतक्या वर्षांत त्या गोष्टीवर इतकी माणसं हसली, कोणी महिना विचारला नव्हता. तिला ते पुस्तकातून नाही सुचलं, मिरचीच्या वाफ्यातून सुचलं, जसं तुम्हाला जमिनीवरच्या कवडीतून कळायचं. आणि मी तिला अवकाळी पाऊस सांगितला. तुम्ही ज्या मुलींसाठी गप्प राहायला सांगितलं त्यांच्यासारखीच ती एक आहे, आणि तुमच्या त्याच वाक्यानं मी तिला सांगितलं की तुझं पाहिलेलं चूक आहे.

आणखी एक आहे. ते लिहिल्याशिवाय हा कागद घडी करून ठेवता येणार नाही. तुम्ही मनाई केली हे खरं, पण मनाई गावासाठी होती. टाळ्यांसाठी ती गोष्ट सांगत हिंड असं तुम्ही म्हटलं नव्हतं. ते मी माझं मी सुरू केलं. तुमची मनाई मला सोयीची होती. तिच्या आडोशाला मला कधी पूर्ण उन्हात उभं राहावं लागलं नाही.

सोमवारी त्या वर्गाचं प्रॅक्टिकल आहे. जाळीखालची एक कुंडी आणि उघड्यावरची एक. मी ड्रॉवरमधून तुमचं नख काढून ठेवलं आहे, पान ती मुलगी तोडेल. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. फडक्यावर पाणी शिंपडाल, वर बघणार नाही, आणि “मर म्हन” एवढंच म्हणाल. तरी विचारते. सगळ्यांना नाही, मोठे बाबाही आता नाहीत. त्या एका मुलीला, पान तिच्या हातात असताना, मर नव्हती एवढं सांगू द्या.